वाटणीचं पान

आमच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात खिडकीखाली एक लाकडी ट्रे आहे. त्यावर वैजापूरकर सरांच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली आहे : 'खोटी झाडं'. त्या ट्रेमध्ये एकवीस दगड आहेत आणि त्यातले चौदा मी आणलेले आहेत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी ऐकवायला नको.

मी त्या विभागात शिपाई. कागदावर 'प्रयोगशाळा परिचर' लिहितात, पण घंटी वाजली की पाणी आणायचं ते आणायचंच. शिक्षण आठवी. दगड पुसता पुसता दगड शिकलो. सर पोरांना शिकवायचे, मी मागं उभा राहून नमुने पुढं करायचो. पोरं पास होऊन बँकेत चिकटली, दगड माझ्यापाशी राहिले.

आता खोटी झाडं म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडचा सगळा दगड लाव्हाचा, काळा पाषाण. त्याच्या भेगांतून पाणी झिरपतं, पाण्यासोबत मँगनीज येतं आणि भेगेच्या अंगानं काळं काळं पसरत जातं. फांदीला फांदी, तिला आणखी फांदी, हुबेहूब झावळी. बघणारा हरखून जातो. मी चौदा वेळा हरखलो. दर वेळी उस्मानपुऱ्यातल्या घरून सायकलवर दगड पंच्यात गुंडाळून आणायचा, सरांच्या टेबलावर ठेवायचा आणि सरांनी भिंग लावून म्हणायचं, "कडूबा, शिरा कुठं आहेत ह्याला? कडा कुठं आहे? पान कुठंतरी संपतं. हे संपतच नाही." की दगड ट्रेमध्ये.

त्या चौदा अपमानांतून पान कशाला म्हणायचं ते मला पक्कं कळलं. मधली शीर, तिच्यातून दोन्ही बाजूंना निघणाऱ्या बारीक शिरा, त्या कडेजवळ कशा वळतात, कडा सपाट की दातेरी, देठ कसा, टोक कसं. देठ आणि टोक नसलं तर ते कुठल्या झाडाचं हे सांगायला मोठमोठे लोक कचरतात.

सरांचं एक पालुपद होतं. "दोन लाव्हांच्या मधल्या काळात कुठं तळं साचलं असेल, त्यात गाळ बसला असेल, तर पान मिळू शकतं. पण मला ह्या जिल्ह्यात बावीस वर्षांत मिळालं नाही. तुला काय मिळणार?"

शेवटचं वाक्य ते सहज बोलायचे. मला ते रात्री जेवताना आठवायचं.

त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यात मी पिशोरला गेलो. माझी बहीण वच्छलाबाई तिथं दिलेली. भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, "दादा, कारभारीच्या विहिरीत दगडातून पान निघालंय म्हणं. तुझ्यावाणी येडं कुणी आलं की दाखवायचं म्हणून मी ध्यानात ठेवलं व्हतं."

भाकरी तशीच ठेवून मी उठलो.

कारभारी पन्नाशीचा, मिशा पिकलेला, बोलायला गोड माणूस. त्यानं घरातून गोणपाटात बांधलेला दगड आणला आणि माझ्यापुढं खाटेवर उघडला. "बघा पाव्हणं, काय हाय ते."

मी वाकून बघितलं. राखी रंगाचा, पाटीच्या दगडासारखा पापुद्र्यांचा दगड. त्यावर तळहाताएवढं पान, फुगीर उठलेलं. मधली शीर सरळ. डाव्या अंगाला सात शिरा, उजव्या अंगाला सहा, सातवी अर्धवट. प्रत्येक शीर कडेपाशी येऊन वरच्या शिरेकडं वळलेली. कडेला बारीक दाते. देठाचा तुकडाही होता. हे संपत होतं. हे पान होतं.

फक्त टोक नव्हतं. वरचा बोटभर दगड टवका उडून गेला होता.

"दुसरा तुकडा कुठाय?" मी विचारलं.

कारभारीचा चेहरा उतरला. "त्याच्याकडं."

'तो' म्हणजे धाकटा भाऊ काकासाहेब. चार वर्षांपूर्वी दोघांची वाटणी झाली. रान वाटलं, बैल वाटले, घराच्या मधोमध भिंत घातली. विहीर तेवढी सामाईक राहिली, कारण विहिरीत भिंत घालता येत नाही. तीन दिवस याचं पाणी, तीन दिवस त्याचं. चार वर्षांत दोघं एकमेकांशी शब्द बोलले नव्हते. त्या उन्हाळ्यात विहीर आटली म्हणून खोल करायला घेतली, तर तिथंही वाटणीच. यारीनं, म्हणजे दोर-चाकाच्या उचलणीनं, जो दगड वर यायचा त्यातला एक डबा कारभारीच्या ढिगावर, एक काकासाहेबाच्या. सात परसांवर, म्हणजे हात वर करून उभी राहिलेली सात माणसं एकावर एक ठेवली तर होईल तेवढ्या खोलीवर, हा राखी थर लागला. पहार बसली आणि लादी वहीसारखी उघडली. एका पानावर फुगीर, समोरच्या पानावर खोल. यारीवाल्यानं सवयीप्रमाणं एक इकडं टाकली, एक तिकडं.

मी कारभारीला नीट समजावून सांगितलं. मला वाटलं, समजावून सांगितलं की काम होतं. "भाऊ, तुमच्या तुकड्यात टोक कमी हाय. दगड फुटताना ते समोरच्या तुकड्याला चिकटलं असंल. दोन्ही जवळ असल्याबिगर कुणाला वळखता यायचं नाय."

"म्हंजी माझं अर्धवट हाय म्हणता?"

"टोक नाय एवढंच."

"हं," कारभारी म्हणाला आणि गोणपाट बांधायला लागला.

काकासाहेबाचं घर भिंतीपलीकडं, पण भिंतीत दार नाही, म्हणून गल्लीला वळसा घालून गेलो. काकासाहेब चाळिशीचा, ग्रामपंचायतीचा सभासद, टेरीकॉटची पँट. त्यानं दगड लोखंडी कपाटात ठेवला होता. म्हातारी आई सारजाबाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती.

"खरं पान हे हाय," काकासाहेबानं सुरुवातच तिथून केली. "त्याच्याकडं हाय तो नुसता ठसा. शिक्का आन् शिक्क्याचा कागद, फरक असतो ना?"

"काकासाहेब, दोन्ही ठसेच हायत. पान तर कवाच कुजून गेलं. चिखलावर पडलं, वरून चिखल बसला. खालचा चिखल एक तुकडा, वरचा चिखल दुसरा."

"मंग त्याचा खालचा का वरचा?"

"ते सांगता यायचं नाय."

"खालचा असंल," काकासाहेब म्हणाला. त्याला बरं वाटलं.

त्याच्या तुकड्यावर टोक होतं. लांबट, निमुळतं, थोडं एका बाजूला वाकलेलं, जसं झाडावर असताना असेल तसं. मी टोकापासून खाली शिरा मोजत आलो. पण खाली देठाकडचा कोपरा तुटून गेला होता.

आणि मी, शहाणा, बोललो. "तुमच्यात देठ कमी हाय. तो कारभारीभाऊंकडं हाय. दोन्ही एका ठिकाणी आणू. सर येतील, तासभर बघतील, मंग ज्याचं त्यानं न्यावं."

"माझ्या घरात त्याचा दगड यायचा नाय."

"विहिरीवर आणू. तुम्ही तुमच्या अंगाला बसा, ते त्यांच्या."

सारजाबाई शेंगा फोडता फोडता म्हणाली, "अरं बाबा, मला बी वाटलंय ह्यांनी. एक महिना ह्याच्याकडं, एक त्याच्याकडं. मला जोडून कुणी बघत नाय, तू दगड जोडायला आलाय व्हय?"

"आई, आत जा," काकासाहेब म्हणाला.

"जाती ना. ह्या महिन्यात तुझंच ऐकायचं हाय."

मी जागीच वहीत दोन्ही तुकड्यांची चित्रं काढली, शिरा मोजून. कॅमेरा माझ्याकडं कुठला? निघताना दोघांनाही बजावलं, दगडाला पाणी लावू नका, तेल लावू नका. ते तर त्यांनी पाळलं.

सोमवारी सरांपुढं वही उघडली. सर न बघताच म्हणाले, "पंधरावं?"

"सर, फक्त बघा."

त्यांनी बघितलं. चष्मा कपाळावर चढवून, वही डोळ्यांजवळ नेऊन. "हे दाते तू बघितलेस, की असायला हवेत म्हणून काढलेस?"

"बघितले. एका अंगाला सतरा हायत."

सरांनी वही मिटली. मग म्हणाले, "रविवारी जाऊ." बावीस वर्षं पान न मिळालेला माणूस रविवारी एसटीनं पिशोरला यायला निघाला, भिंग, हातोडी आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन. कन्नडपर्यंत आम्ही दोघं उभं राहून आलो. त्यांनी मला ह्या थराखाली काय असेल, वर काय असेल हे सगळं विचारलं, आणि मी सांगत गेलो. माझ्या जन्मात इतकं कुणी मला विचारलं नव्हतं.

विहिरीवर दोन्ही भाऊ आधीच येऊन बसले होते, एक पूर्वेला, एक पश्चिमेला, दोघांच्या मागं आपापली चार माणसं. कारभारीनं फेटा बांधला होता. काकासाहेबानं सरांसाठी खुर्ची आणली होती, म्हणून कारभारीनंही माणूस धाडून खुर्ची मागवली. सर दोन खुर्च्यांच्या मधे उभेच राहिले.

मी आधी विहिरीत डोकावलो. सात परसांवर, जिथं राखी थर दिसायला हवा होता, तिथं गोल, नवंकोरं दगडी बांधकाम होतं. थर भुसभुशीत, ढासळायला लागला म्हणून मिरगाच्या आत बांधून घेतलं होतं. खाली कंबरभर पाणीही लागलं होतं.

"कधी केलं हे?"

"शुक्रवारी," यारीवाला म्हणाला. "दोघांचं बी एकाच दिशी पटलं, काय सांगायचं तुम्हाला."

थर तर गेला. तरी म्हटलं, तुकडे तर आहेत.

कारभारीनं गोणपाट सोडलं. काकासाहेबानं रुमाल उचलला. आणि दोन्ही दगडांवर एकेक पूर्ण पान होतं. देठापासून टोकापर्यंत. काही म्हणता काही कमी नव्हतं.

सर वाकले. भिंग लावलं. आधी कारभारीचं बघितलं, मग काकासाहेबाचं, मग पुन्हा कारभारीचं. दोन मिनिटंही लागली नसतील.

"छिन्नी," सर म्हणाले.

"काय?" मी विचारलं, पण मला दिसलं होतं. कारभारीच्या पानाला टोक फुटलं होतं. खिळ्यानं कोरलेलं, सरळ, भाल्यासारखं. काकासाहेबाच्या पानाला देठ आला होता, पाट्या-वरवंट्याला टाकी देणाऱ्या माणसाच्या हातचा, गोल गुळगुळीत, आणि देठाच्या बुडाला शोभेसाठी एक कळी. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. मधल्या शिराही दोघांनी ठिकठिकाणी उजळून घेतल्या होत्या, परकरावरच्या नक्षीसारख्या.

"भाऊ, हे काय केलं तुम्ही?"

कारभारी अभिमानानं म्हणाला, "तुम्हीच म्हणला व्हता टोक कमी हाय. आता बघा, त्याच्या दारात जायची गरज नाय."

पलीकडून काकासाहेब सरांना म्हणाला, "सर, देठाचं काम आमच्या माणसानं केलं. लई बारीक हात हाय त्याचा. आता ह्यो एकटाच न्या तुम्ही, पुरा हाय. त्याचा कशाला?"

मग माझं डोकं फिरलं. मी दोघांवर ओरडलो. "अक्कल हाय का? कोट्यवधी वर्षं ते दगडात दबून ऱ्हायलं, त्याला कुणी हात लावला नाय, आन् तुमच्या हातात आठ दिवस टिकलं नाय! भावाचं तोंड बघायला लागू नये म्हणून दगडाचा मुडदा पाडला!"

"ए, तोंड सांभाळ," काकासाहेब उठला. "आमचा दगड, आमची विहीर. कमी हाय, कमी हाय, कोण म्हणत व्हतं? आम्ही म्हणलो व्हतो का?"

मीच म्हटलं होतं. दोघांच्याही घरी जाऊन, दोघांनाही, नेमकं काय कमी आहे ते मोजून सांगितलं होतं.

सर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी भिंग पुसलं, खिशात घातलं आणि कारभारीकडचा चहा घेतला. मग काकासाहेबाकडचाही घेतला, कारण तोही पुढं आला होता. निघताना कारभारी मला म्हणाला, "न्या तुमचा दगुड. आम्हाला काय करायचाय?" हे ऐकलं की काकासाहेबानंही त्याचा दगड माझ्या पायाशी आणून ठेवला. म्हणजे जे मी हाता-पाया पडून तासाभरासाठी मागत होतो, ते दोन्ही मला कायमचं मिळालं.

परतीच्या एसटीत दोन दगड मांडीवर घेऊन बसलो.

त्या आठवड्यात सगळे गेले की मी विभागात थांबायचो. शाडू मळली, कारभारीच्या दगडावर दाबली आणि तो ठसा काकासाहेबाच्या दगडाशी मिळवून पाहिला. कोरलेलं टोक जुळेना, कोरलेला देठ जुळेना, हे उघड होतं. उजळलेल्या शिराही जुळेनात. पण मधे, दोघांच्याही खिळ्यातून सुटलेला, रुपयाएवढा एक भाग होता. तिथल्या शिरा शिरांवर बसल्या. शिरांच्या मधलं बारीक जाळंसुद्धा जाळ्यावर बसलं. खिळ्यानं कुणी एवढं कोरू शकत नाही, आणि दोन वैऱ्यांनी दोन घरांत बसून एकमेकांशी जुळेल असं तर नाहीच नाही.

मी सरांना बोलावलं. त्यांनी शाडूचा ठसा भिंगाखाली धरला. बराच वेळ धरला.

"खरं आहे," ते म्हणाले. हळूच.

"मंग सर?"

"मग काही नाही, कडूबा. जे पाठवू तिथं पहिली ओळ काय वाचतील? नमुन्यावर मालकानं कोरीव काम केलेलं आहे. पुढं कोण वाचणार?"

"पण मधलं तर…"

"मधलं तुला कळलं, मला कळलं." ते दगड हातात घेऊन खिडकीपर्यंत गेले. ट्रेवर हात आला, थांबला. ट्रेमध्ये न टाकता त्यांनी दोन्ही दगड माझ्या स्टुलावर आणून ठेवले. "दुसरं आण. त्याच थरातलं. कुणाचा हात न लागलेलं."

"थर बांधकामामागं गेला."

"ते मी बघितलं," सर म्हणाले आणि वर्गावर गेले.

मी कारभारीकडं गेलो, बांधकामाचे चार दगड काढून द्या म्हणून. तो म्हणाला, मी काढीन, पण थर आहे पश्चिमेच्या अंगाला, ती बाजू त्याची. काकासाहेबाकडं गेलो. तो म्हणाला, बाजू माझी, पण बांधकाम सामाईक, त्याची सही आण. कारभारी सही द्यायला तयार झाला, पण काकासाहेबाच्या सहीखाली करणार नाही म्हणाला, वर करीन. काकासाहेबही वरच करणार होता. दोन कागद करू म्हटलं, तर दोघांना एकाच कागदावर हवं, नाहीतर दुसरा उद्या फिरेल. पावसाळाभर मी पाच वेळा गेलो. पाचव्या वेळी वच्छलाबाईच म्हणाली, "दादा, आता येत जाऊ नको. आमच्या घरावर लोकं हसाया लागले."

दिवाळीनंतर तिचाच निरोप आला. काकासाहेबानं सामाईक विहिरीचं पाणी घेणं सोडलं, हिस्सा मात्र सोडला नाही. स्वतःच्या रानात, बांधापासून दोनशे पावलांवर, स्वतःची विहीर पाडतोय. गावात म्हणतोय, ह्या विहिरीत जे पान निघेल ते पूर्ण माझं.

मी रजा टाकली आणि गेलो. काकासाहेबानं मला हाकललं नाही. उलट म्हणाला, "बसा. पर ह्या खेपेला काय कमी हाय ते मला सांगायचं नाय." रोज सकाळी मी काठावर जाऊन बसायचो. माती गेली, मुरूम गेला, काळा पाषाण लागला. सुरुंग उडाला की यारीनं दगड वर यायचा आणि मी एकेक तुकडा उलटून बघायचो. पाच परस. सहा. साडेसहाला मला रात्री झोप लागेना.

सात परसांवर काळा पाषाण. सव्वासातला काळा पाषाण. आठला मी स्वतः दोराला धरून खाली उतरलो आणि भिंतीवरून चारी अंगांनी हात फिरवला. राखी रंगाची रेघसुद्धा नव्हती. तेव्हा मला कळलं ते असं, की ते तळं लहान होतं. त्याचा काठ ह्या दोन विहिरींच्या मधे कुठंतरी होता. पाणी इथवर आलंच नव्हतं.

वर आलो. काकासाहेब वाट बघत होता.

"लागलं का?"

खोटं बोलता आलं असतं. एक परस आणखी जा, म्हणता आलं असतं. तेवढे दिवस मला तिथं बसायला मिळालं असतं. पण चौदा खोटी झाडं मी आणली ती फसून आणली होती, फसवून एकही आणलं नव्हतं.

"इथं नाय लागायचं," मी म्हणालो. "कितीबी खाली जा. ते तळं जुन्या विहिरीपाशीच संपलं. काकासाहेब, तुमच्या बाजूचे चार दगड, फक्त चार, दोघांनी मिळून अर्धा दिस द्या. मी स्वतः काढतो, स्वतः परत बसवतो. पाया पडतो तुमच्या."

"त्याच्या संगं?"

"त्यांच्या संगं."

काकासाहेबानं बांधापलीकडं बघितलं. कारभारी त्याच्या रानात मोट सोडून उभा होता, इकडंच बघत होता. चांगला हसत होता.

"त्याच्या संगं दगड उचलण्यापरीस," काकासाहेब म्हणाला, "मी पाताळात जाईन." आणि खाली ओरडला, "भरा रं! अजून दोन भोकं भरा!"

वात पेटवली. माणसं पळत बाभळीमागं गेली, मीही गेलो. जमीन हादरली, धूर वर आला, दगडांचा पाऊस पडला. धूर बसायच्या आत मी काठावर पोहोचलो आणि पहिला तुकडा उलटला. काळा. दुसरा उलटला. काळा. मागून काकासाहेब ओरडत होता, "पाव्हणं, तुम्हीच म्हणला ना नाय लागायचं? मंग काय बघताय?"

मी तिसरा उचलला.